ढगातला चकवा

आमच्या गोंदियाकडं बिरसीच्या धावपट्टीवरून ट्रेनिंगची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालत असतात, खाली धानाच्या बांधीत रोवणी आणि वर घर्रघर्र, त्यामुळं पानठेल्यावर विमानाचे एक्सपर्ट काही कमी नाहीत. परवा एकानं छातीठोक सांगितलं, "लायसन भेटलं का झालं ना राजेहो, मंग ढग असो का धुकं, सारं कम्प्युटरच करते." दुसरा म्हणे, "नाही भाऊ, जुन्या पायलटले अंदाज असते, डोळे मिटून बी त्याले समजते विमान कोणीकडं झुकलं." पहिल्याचं अर्धं चूक आहे. दुसऱ्याचं पुरतं चूक, आणि त्या समजुतीनं खरोखरची माणसं मेली आहेत.

आधी लायसनचं सांगून टाकतो. प्रायव्हेट पायलट लायसनवर उडायचं ते डोळ्यांनी बघून. साधारण नियम असा की पुढचं निदान ५ किलोमीटर दिसलं पाहिजे, आणि ढगापासून आडवं १५०० मीटर, उभं १००० फूट लांब राहायचं. डिसेंबरात सकाळी सातला नवेगावबांधच्या तलावाकडं जाऊन बघा, ५ किलोमीटर सोडा, समोरची बंडी दिसत नाही. अशा हवेत किंवा ढगात शिरून उडायचं तर वेगळं शिक्षण लागतं, त्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात, म्हणजे बाहेर न बघता समोरच्या काट्यांवरून उडवायची परवानगी. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं त्याला कॅप्टन म्हणून ५० तासांचं क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, उड्डाण आणि ४० तास इन्स्ट्रुमेंटवर लागतात, त्यातले काही सिम्युलेटरवर चालतात. आता ४० तास कशाला? काटे वाचणं तर हुशार पोराला दोन दिवसात येतं. बाकीचा वेळ जातो तो आपल्याच कानाचं ऐकायचं नाही हे अंगवळणी पाडायला.

आपल्याकडं चकवा ऐकला नाही असा माणूस सापडणार नाही. रात्री जागलीला गेलेला घराकडं निघतो आणि पहाटेपर्यंत फिरून फिरून त्याच धुऱ्यावर येतो, मग दुसऱ्या दिवशी लिंबू उतरवा, नारळ फोडा. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ साली याचीच परीक्षा घेतली, माणसांच्या अंगावर जीपीएस लावून त्यांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले, आभाळ भरलं की गोल फिरायला लागले, आणि गोल फिरताना त्यांना पक्कं वाटत होतं की आपण सरळच चाललोय. डोळे बांधले तर काही जण २० मीटर रुंदीच्या गोलातच घुटमळले. तिथं कोणतं भूत आडवं आलं नव्हतं, आणि आपल्या धुऱ्यावरही येत नाही. बाहेरची खूण गेली की शरीराचा हिशोब थोडा थोडा चुकत जातो, एवढंच. पायी माणूस चुकला तर सकाळी घरी येतो. विमान ताशी दोनशेच्या वेगात असतं.

हा हिशोब ठेवतो कान. ऐकायचा भाग वेगळा, त्याच्या मागं हाडात तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींना काटकोनात, म्हणजे मान डोलावली, नकार दिला की खांद्याकडं झुकवली, तिन्ही दिशांना एकेक. नळीत द्रव असतो, आणि एका फुगीर जागी जेलीसारखा पडदा, त्यात बारीक केसांच्या पेशी रुतलेल्या. आता एक बादली पाण्यानं भरा, वर तणसाची काडी टाका, आणि बादली जागच्या जागी हळूच फिरवा. बादली फिरते, पण पाणी आणि काडी सुरुवातीला जागेवरच राहतात. कानातही हेच होतं, डोकं फिरलं की नळी फिरते, द्रव मागं राहतो, पडदा वाकतो, केस वाकतात, मेंदूला तार जाते की फिरलो. पण बादली एकाच वेगानं फिरवत राहिलात तर थोड्या वेळानं पाणीही तिच्याबरोबर फिरायला लागतं, मग दोघांत फरकच उरत नाही. कानातला पडदा असाच दहा-वीस सेकंदात सरळ होतो, आणि मेंदू म्हणतो, थांबलो. फिरणं तर चालूच आहे! आणि बादली एकदम थांबवली तर पाणी पुढं फिरतच राहतं, पडदा उलट्या बाजूला वाकतो, आणि माणसाला वाटतं आपण उलटे फिरतोय.

पटत नसेल तर घरी करून बघा, खर्च शून्य. फिरती खुर्ची घ्या, पोराला बसवून डोळे मिटायला सांगा, ज्या बाजूला फिरतोय वाटेल तिकडं अंगठा कर म्हणा, आणि धक्का न देता एका वेगानं फिरवत राहा. आमच्या इथं पुतण्याला बसवलं तेव्हा अंगठा आधी बरोबर उजवीकडं होता, मग हळूहळू वर आला, म्हणजे त्याच्या मते खुर्ची थांबली होती, आणि खुर्ची खरंच थांबवली तेव्हा अंगठा सरळ डावीकडं! पापण्यांखाली बुबुळं टकटक हलताना दिसत होती. "काका, तुम्ही उलटं फिरवलं ना?" डोळे उघडल्यावर तो आमच्यावरच खेकसला.

विमानात यात आणखी एक भर पडते. अगदी हळू सुरू झालेलं फिरणं कानाला कळतच नाही, त्याची एक किमान हद्द असते, त्याखाली पडदा वाकल्याची दखलच नाही. ढगात पायलट नकाशात डोकं घालतो, तेवढ्यात डावा पंख हळूहळू खाली जातो. कानाला पत्ता नाही. बुडालाही कळत नाही, कारण नीट घेतलेल्या वळणात एकूण जोर सीटच्या दिशेनंच लागतो, पेल्यातलं पाणीसुद्धा पेल्याच्या हिशोबात सपाटच राहतं. म्हणून ते "अंदाज असते" वाले चूक, अंदाज करायला शरीराकडं मालच नाही.

आता खरी गंमत, गंमत कसली, जीव जातो. तिरक्या विमानात पंखांचा उचलणारा जोरही तिरका होतो, ४५ अंश झुकलं तर वर उचलायला त्यातला ७१ टक्केच उरतो, ६० अंशात निम्मा. मग नाक खाली जातं, उंची घटते, वेग वाढतो. पायलटला वाटतंय पंख सपाट आहेत, आणि उंचीचा काटा खाली पळतोय, मग तो काय करणार, नाक वर करायला दांडी आपल्याकडं ओढतो. पंख सपाट असते तर हे बरोबर होतं. तिरक्या विमानात दांडी ओढली की वळणच आवळतं, वेग आणखी वाढतो, तो आणखी ओढतो, असं गोल गोल खाली. याला ग्रेव्हयार्ड स्पायरल, म्हणजे स्मशानाचा भोवरा म्हणतात, हा आभाळातला चकवाच. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचा सराव नसलेल्या २० पायलटांना, सोबत इन्स्ट्रक्टर ठेवून, बाहेरचं दिसेनासं करून उडवायला दिलं. एकोणीस जण याच स्पायरलमध्ये गेले, विसावा वेगळ्या तऱ्हेनं ताबा घालवून बसला, आणि सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाही. १९९९ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या जॉन केनेडींचा मुलगा धूसर रात्री समुद्रावर असाच गेला, त्याच्याकडं इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हतं.

हे पायलटांना पटवणं सोपं गेलं नव्हतं. अमेरिकन लष्करातला विल्यम ऑकर १९२६ मध्ये डॉक्टरच्या फिरत्या खुर्चीत बसला आणि स्वतःच फसला, तेव्हापासून तो इतरांना खुर्चीत बसवत सुटला. पुढं २४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकन पायलट जिमी डूलिटलनं कॉकपिट झाकून, बाहेरचं काही न बघता, विमान उडवलं, फिरवलं आणि उतरवलं. त्याच्यासमोर जायरोस्कोपवरचं कृत्रिम क्षितिज होतं, म्हणजे विमान कोणीकडं झुकलंय ते दाखवणारं यंत्र. वेगानं फिरणाऱ्या चाकाचा आस आपली दिशा सोडत नाही, त्यात हळूहळू झुकवून फसवायला द्रवबीव काही नाही, म्हणून ते कानापेक्षा खरं.

ट्रेनिंगमध्ये पोराच्या डोळ्यांवर असा चष्मा लावतात की फक्त पॅनल दिसावं. मग इन्स्ट्रक्टर म्हणतो डोळे मीट, विमान वाकडंतिकडं करतो, आणि म्हणतो, घे. नाक खाली आणि वेग वाढलेला दिसला तर क्रम ठरलेला: आधी पॉवर कमी, मग पंख सपाट, आणि मगच नाक वर. पंखांच्या आधी दांडी ओढली की इन्स्ट्रक्टर ओरडलाच. सरळ केल्यावरही अंग म्हणत असतं आपण उजवीकडं कललोय, पोरगं सीटमध्ये डावीकडं वाकून बसतं आणि काट्यांवर भरवसा ठेवून तसंच उडवतं.

उतरायचं तंत्रही त्यातच शिकवतात. नागपूरसारख्या ठिकाणी आयएलएस असतं, म्हणजे रेडिओवरून उतरायचा रस्ता दाखवणारी यंत्रणा, धावपट्टीच्या टोकाकडून रेडिओचे दोन झोत येतात, उतरणाऱ्याच्या डावीकडच्या झोतात ९० हर्ट्झचा सूर मिसळलेला, उजवीकडच्यात १५० चा, विमानातला रिसीव्हर दोघांच्या जोरातला फरक मोजतो आणि फरक शून्य झाला की काटा मधोमध, तसंच उभ्या पातळीत, वर ९०, खाली १५०, आणि मधली रेषा साधारण ३ अंश उताराची. ९० नॉटला, म्हणजे ताशी १६७ किलोमीटरच्या आसपास, मिनिटाला साडेचारशे-पाचशे फूट उतरत यायचं. साध्या प्रकारात जमिनीपासून २०० फुटांवर दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही तर वर जायचं. ज्या धावपट्टीवर ही यंत्रणा नाही तिथं आता उपग्रहावरून चालतं, आपल्या गगन यंत्रणेवर २०२२ च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगडला प्रवासी कंपनीचं विमान उतरवून बघितलं.

पानठेल्यावरच्या कम्प्युटरवाल्यासाठी हेही सांगतो. १ जानेवारी १९७८ ला मुंबईहून निघालेल्या एअर इंडियाच्या जम्बोत कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिजच बिघडलं, समुद्रावर रात्र, बाहेर खूण नाही. विमान उजवीकडं कललंय समजून त्यानं डावीकडं वळवलं, वळवतच गेला. २१३ माणसं गेली. शेजारच्या पायलटसमोरचं क्षितिज बहुधा ठीक होतं. म्हणून रेटिंगमध्ये एका काट्यावर डोळे रोवायचे नाहीत, क्षितिज, वेग, उंची, दिशा, वळण असं सतत फिरत एकाला दुसऱ्याकडून तपासायचं, आणि इन्स्ट्रक्टर मुद्दाम एखादा काटा झाकून टाकतो.

आणि रेटिंग असलं तरी मे-जूनमधल्या आपल्याकडच्या गडगडाटी ढगात शिरायचं नसतं, त्यातले वर-खाली झोत छोट्या विमानाचे तुकडे करू शकतात, तिथं काटे वाचून उपयोग नाही. शिवाय सराव सुटला की कान परत डोकं वर काढतो, त्यामुळं अमेरिकेत नियमच आहे की मागच्या ६ महिन्यांत अशा ६ अप्रोच, म्हणजे काट्यांवरून धावपट्टीकडं उतरत येणं, केल्या नसतील तर रेटिंग खिशात असूनही ढगात जाता येत नाही.