क्वेडलिनबुर्गचा खजिना: चोरीचा माल परत घ्यायला पैसे का मोजले

जर्मनीत हार्ट्सच्या डोंगरांजवळ क्वेडलिनबुर्ग नावाचं छोटं गाव आहे. लाकडी चौकटीची वाकडीतिकडी घरं, दगडी गल्ल्या आणि मधे टेकडीवर चर्च, असे फोटो तुम्ही पाहिले असतीलच, त्यामुळे गाव किती सुंदर आहे हे परत सांगत नाही. टेकडीवरच्या चर्चच्या खजिन्याच्या खोलीत गेलात की काचेमागे एक हस्तिदंती फणी आणि रत्नं जडवलेलं एक पुस्तक दिसतं. त्यांच्यासमोर लोक दोन मिनिटं थांबतात आणि पुढे जातात. पण त्या वस्तू तिथे परत कशा आल्या ही या गावातली सगळ्यात भन्नाट गोष्ट आहे.

जुना भाग पटकन उरकतो. जर्मनीचा पहिला राजा म्हणून ज्याला मोजतात तो ९३६ साली वारला, त्याला याच टेकडीवर पुरलं आणि त्याच्या विधवा राणीने तिथे बायकांसाठी एक धर्मसंस्था काढली. तिला जर्मनमध्ये श्टिफ्ट म्हणतात. आपण सरळ मठ म्हणून मोकळे होतो पण ते तितकंसं बरोबर नाही, कारण तिथल्या बहुतेक बायका कायमच्या व्रतात बांधलेल्या नसायच्या, मोठ्या घराण्यातल्या असायच्या, हवं तर बाहेर पडून लग्नही करायच्या. आणि तिथली प्रमुख बाई नुसती पूजाअर्चा बघत नव्हती, गावावर राज्य करत होती, पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत तिला जागा होती. गावकऱ्यांना ते नेहमी पटायचं असं नाही. १४७७ मध्ये तेव्हाच्या प्रमुख बाईने भावांचं सैन्य बोलावून गाव सरळ केलं आणि बाजारातला रोलांडचा पुतळा, म्हणजे गावाच्या स्वातंत्र्याची खूण, पाडला. तो परत उभा राहायला १८६९ उजाडलं. आज तो नगरपालिकेच्या इमारतीजवळ आहे. बायकांचं हे राज्य एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपलं, गाव प्रशिया या जर्मन राज्याकडे गेलं.

मग १९३६. राजाला जाऊन हजार वर्षं झाली, आणि नाझींच्या काळ्या वर्दीवाल्या संघटनेच्या प्रमुखाला हा राजा म्हणजे आपलाच पूर्वसुरी वाटायला लागला. चर्च ताब्यात घेतलं, प्रार्थना बंद केल्या आणि त्याचं एक प्रकारचं स्मारक करून टाकलं. राजाची हाडं सापडली असंही १९३७ मध्ये जाहीर केलं, पण कबर आज रिकामीच आहे. चर्चचा पूर्वेकडचा भाग बाहेरून बघा, टोकदार गॉथिक आहे. आत जा, तर अर्धगोल, जुन्या पद्धतीचा. ती आतली भिंत नाझींनी घातलेली, "जास्त जर्मन" दिसावं म्हणून. ती अजून तशीच आहे, आणि न सांगितलं तर कोणालाही कळणार नाही.

आता खजिना. युद्धात बॉम्ब पडतील या भीतीने तो गावाजवळच्या गुहेत हलवला होता. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आलं, गुहेवर पहारा बसला, आणि त्याच तुकडीतल्या टेक्सासच्या एका लेफ्टनंटने एकेक वस्तू उचलून सैन्याच्या टपालाने चक्क घरी पार्सल केल्या! तो कलेचं शिक्षण घेतलेला होता, काय उचलतोय ते त्याला नीट कळत होतं. नवव्या शतकातलं सोन्याच्या शाईने लिहिलेलं बायबलचं हस्तलिखित, राजाची म्हणतात ती फणी (ती मुळात पश्चिम आशियातली आहे), स्फटिकाच्या कुप्या, अवशेषांच्या पेट्या, मिळून डझनभर वस्तू. चर्चने लगेच तक्रार केली, अमेरिकन सैन्याने तपासही सुरू केला, पण गाव सोव्हिएत भागात गेलं आणि १९४९ मध्ये फाईल बंद. हा माणूस १९८० पर्यंत टेक्सासमधल्या आपल्या छोट्या गावात निवांत जगला.

तो गेल्यावर भाऊ-बहिणीने विकायचा प्रयत्न केला आणि तिथून गोंधळ सुरू झाला. १९९० मध्ये जर्मनीतल्या राज्यांच्या एका सांस्कृतिक संस्थेने गुपचूप ते एक हस्तलिखित घेण्यासाठी ३० लाख डॉलर कबूल केले, आणि त्याला नाव दिलं "शोधणाऱ्याचं बक्षीस". शोधणाऱ्याचं! शोधलं कोणी, हरवलं कोणी? बातमी फुटली, चर्चने डॅलसच्या कोर्टात दावा लावला, आणि १९९१ मध्ये तडजोड झाली ती सगळ्या वस्तू मिळून साडेसत्तावीस लाख डॉलरवर. खूप लोक चिडले, की चोराच्या वारसांना पैसे म्हणजे उद्या कोणीही पळवेल आणि बक्षीस मागेल. मुद्दा चुकीचा नाही. पण दुसरी बाजू अशी की चाळीसपेक्षा जास्त वर्षं उलटली होती, दाव्याची मुदत संपली असं कोर्टाने म्हटलं असतं तर हातात काहीच उरलं नसतं, आणि वस्तू एकेक करून बाजारात गायब झाल्या असत्या. मला तरी वाटतं पैसे दिले ते बरं केलं, फक्त त्याला बक्षीस म्हणायला नको होतं. वारसांवर १९९६ मध्ये फौजदारी खटलाही झाला, तो मुदत संपली म्हणून रद्द. म्हणजे मुदतीची भीती खरीच होती. दोन वस्तू आजपर्यंत मिळाल्या नाहीत. बाकी सगळं १९९३ पासून परत टेकडीवर आहे.

घरांचं थोडक्यात. १३००च्या वर लाकडी घरं वाचली याचं श्रेय प्रेमाला कमी आणि पैशांच्या टंचाईला जास्त आहे. पूर्व जर्मनीत १९६० च्या दशकात जुना भाग पाडून मोठा चौक आणि तयार काँक्रीटचे ब्लॉक उभे करायचा प्लॅन होता, पण निधीच नव्हता. ऐंशीच्या दशकात मात्र काही गल्ल्या खरंच पाडल्या आणि तिथे जुन्याशी थोडीफार मिळतीजुळती काँक्रीटची घरं बांधली. १९८९ च्या शरद ऋतूत राजवट डगमगली तेव्हा ते थांबलं, आणि १९९४ मध्ये तेच गाव जागतिक वारसा यादीत. श्माले श्ट्रासेला फिरताना ती काँक्रीटची घरं दिसतील, गाईड लोक तिथून भराभर पुढे नेतात. तुम्ही थांबा. मग वोर्डगासेतलं चौदाव्या शतकातलं घर बघा, खांब जमिनीपासून छपरापर्यंत एकसंध. पूर्वी हेच गावातलं सर्वात जुनं म्हणायचे, पण लाकडाचं वय तपासल्यावर दुसऱ्या एका घरात तेराव्या शतकातलं लाकूड निघालं.