‘साळा’ म्हणणारे मूल बोबडे असते का?

कोल्हापूरच्या बालवाड्यांत घरच्या बोलीप्रमाणे ‘शाळे’ला ‘साळा’ म्हणणाऱ्या मुलाला बोबडे ठरवले जाते आणि खरोखर बोबडे बोलणाऱ्या मुलाबद्दल ‘खेड्यातलं आहे, तसंच बोलणार’ असे म्हटले जाते. ही दोन्ही निदाने चुकीची आहेत आणि दोन्हींची झळ मुलालाच बसते.

बोलीविषयी इथल्या वाचकाला अधिक सांगायला नको. ‘येळ’ (वेळ), ‘इचार’ (विचार), ‘साळा’ ही रूपे करवीर-कागल तालुक्यांतल्या घरांत आजी-आजोबांपासून चालत आली आहेत. ‘काका’चे ‘ताता’ आणि ‘राम’चे ‘लाम’ करणारा बोबडेपणाही सर्वांच्या परिचयाचा आहे.

गोंधळ होतो तो दोन्ही प्रकार नियमाने चालतात म्हणून. बोबडे मूल वाटेल तसे बोलत नाही, तर न जमणाऱ्या ध्वनीच्या जागी ठरावीक दुसरा ध्वनी ठेवते, आणि हा दुसरा ध्वनी भाषेगणिक बदलतो. इंग्रजी शिकणारी मुले अनेकदा ‘श’ऐवजी ‘स’ म्हणतात, तर जपानी मुले उलट ‘स’ऐवजी ‘श’ म्हणतात. त्यामुळे नुसता ‘स’ कानावर पडला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

फरक पाहायचा तो मुलाला काय ऐकू येते आणि ते काय बोलते, यांतल्या अंतरात. मुलांच्या भाषेचे अभ्यासक जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये अशा एका मुलाची नोंद केली. ते आपल्या प्लास्टिकच्या माशाला ‘फिस’ म्हणत असे. पण मोठ्या माणसाने ‘हा तुझा फिस का?’ असे विचारताच ते नाकारी आणि ‘फिश’ म्हटल्यावरच ‘हो, माझा फिस’ असे सांगे. म्हणजे योग्य रूप त्याला ओळखता येत होते, उच्चारता तेवढे येत नव्हते. ‘साळा’ म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत असे अंतरच नसते, कारण घरात जे ऐकले तेच ते अचूक बोलते. तेच मूल ‘लई शाना हाईस’ म्हणताना ‘श’ स्पष्ट उच्चारत असेल, तर त्याच्या जिभेवर शंका घेण्याचे कारण उरत नाही. अशा मुलाला वर्गात सर्वांसमोर दुरुस्त करणे मला सर्वथा अमान्य आहे. ‘शाळा’ हे लेखी रूप त्याला जोडीने शिकवावे.

याउलट, घरातले कोणीच बोलत नाही असे उच्चार मूल करत असेल आणि चार वर्षांचे झाल्यावरही परक्या माणसाला त्याचे बरेचसे बोलणे कळत नसेल, तर बोलीचे कारण पुढे न करता आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.