रुग्णाची सुरक्षित हालचाल

रुग्णाची सुरक्षित हालचाल : आजारपण, शस्त्रक्रिया, मोडलेले हाड किंवा पक्षाघात यांमुळे अंथरूण धरलेल्या माणसाची कूस बदलणे, त्याला उठवून बसवणे, खुर्चीत नेणे व चालते करणे हा परिचर्येचा मूलभूत भाग आहे. हे करताना रुग्ण पडू नये, त्याचा सांधा दुखावू नये आणि उचलणाऱ्याची कंबर धरू नये, हेही त्यातच येते. निजून राहिल्याने होणारे उपद्रव टाळणे हा या साऱ्याचा हेतू. वॉर्डात याला ‘पोझिशन देणे’, ‘बसतं करणे’, ‘चालवणे’ एवढेच म्हणतात.

पडून राहणे हाच उपचार, असे वैद्यकाने बराच काळ मानले. हृदयविकाराचा झटका आलेल्याला चार-सहा आठवडे गादीवरून हलू देत नसत. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या इंग्लिश डॉक्टराने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निजून राहण्याच्या धोक्यांवर खोचक लेख लिहिला. १९५२ मध्ये बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाउन यांनी झटका आलेल्या रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. विश्रांती हे औषध असेल, तर त्याचेही दुष्परिणाम असतात, हे तिथून हळूहळू रुजत गेले.

दुष्परिणाम डोक्यापासून टाचेपर्यंत आहेत. पूर्ण निजलेल्या माणसाची स्नायूंची ताकद दिवसाला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. ती परत मिळवायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात. हाडांतले कॅल्शियम लघवीवाटे जाऊ लागते. फुप्फुसाचा तळ नीट फुगत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. तीन गोळ्यांचे स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाचा व्यायाम करवणारे उपकरण, त्यासाठीच उशाशी ठेवलेले असते. (बहुतेक रुग्ण त्यात फुंकर मारतात, खरे तर श्वास आत ओढून गोळ्या वर न्यायच्या असतात.) लघवी तुंबते, बद्धकोष्ठ होतो, पाऊल खाली लोंबते राहून घोटा तसाच आखडतो. म्हातारी माणसे दिवस-रात्रीचे भान हरवून बरळू लागतात. पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

या गुठळीबाबत आपल्याकडे एक जास्तीचा धोका आहे, तो मायेचा. आजाऱ्याचे पाय चेपणे ही सेवा समजली जाते. पण एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल, तर ती चेपायची नाही. आधी सिस्टरना दाखवायची. गुठळी होऊ नये म्हणून तासातासाला घोटे वर-खाली करणे, पुरेसे पाणी आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास दाबाचे मोजे किंवा रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने, हे उपाय आहेत.

शय्याव्रण, म्हणजे लोक ज्याला बेडसोर म्हणतात, हा या उपद्रवांतला सर्वांत दिसणारा आणि तरी उशिरा दिसणारा. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथले रक्त थांबते, मांस आतून मरते. माकडहाड, टाचा, कुल्ल्याची बाजू, कोपर, डोक्याची मागची बाजू या त्याच्या जागा. पहिल्या पायरीत कातडी शाबूत असते, पण लाली बोटाने दाबूनही जात नाही. चौथ्या पायरीत स्नायू किंवा हाड उघडे पडते. पुस्तकातली ही ‘लाली’ सावळ्या कातडीवर धड दिसत नाही. म्हणून आपल्या वॉर्डांत डोळ्याइतकाच हाताचा भरवसा धरावा : ती जागा शेजारच्यापेक्षा गरम किंवा गार, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का, दुखते का.

कोणाला धोका जास्त, हे ठरवायला मापने आहेत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेडन मापनात संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण-खेच यांचे गुण मोजतात. बेरीज ६ ते २३ च्या दरम्यान येते; १८ किंवा कमी आली तर धोका धरतात. यातली ‘खेच’ समजून घेण्यासारखी आहे. डोक्याकडून उंच केलेल्या खाटेवर रुग्ण पायथ्याकडे घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड आतून पुढे सरकते आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. त्याला काखेत धरून ओढत वर घेतले की तेच पुन्हा. त्यासाठी खालची ड्रॉ-शीट (रुग्णाच्या धडाखाली आडवी अंथरलेली चादर) दोघांनी दोन बाजूंनी गुंडाळून धरायची आणि एक-दोन-तीन म्हणत, न फरफटवता वर सरकवायचे. मानेत किंवा मणक्यात इजा असेल, तर डोके, धड व पाय एका रेषेत ठेवून ओंडका वळवावा तसे तिघा-चौघांनी मिळून वळवायचे.

दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांसाठी कडकपणे राबवली. आज हे अंतर रुग्णाची कातडी आणि गादी पाहून ठरवतात. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलते ठेवणे चांगले. टाचा पोटरीखालच्या उशीने अधांतरी राहाव्यात. स्पिरिट-पावडर लावून हाडावरची जागा चोळणे आणि मध्ये भोक असलेली गोल उशी देणे, या दोन्ही जुन्या सवयी सोडायच्या आहेत. चोळल्याने नाजूक झालेली कातडी फाटते आणि गोल उशी कडेचे रक्त अडवते. एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणे चुकत नाही, हेही घरच्यांना सांगावे लागते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिले की रुग्णाला शय्याव्रण झाले तर दोष सहसा रोगाचा नसून शुश्रूषेचा असतो. वाक्य परखड आहे, पण अर्धेच खरे. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला सगळे करूनही जखम होऊ शकते. शिवाय रात्रपाळीला एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, तिथे दोष तिच्या एकटीवर टाकता येत नाही.

पहिल्यांदा उठवणे हा सर्वांत नाजूक क्षण. खाट खाली, चाकांना ब्रेक, लघवीची पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीवर न लोळणारी, पायांत न घसरणारी चप्पल, लुंगी किंवा साडी पायात न येईल अशी खोचलेली. रुग्णाला कुशीवर वळवायचे. पाय खाटेबाहेर सोडताना त्याने कोपरावर जोर देऊन उठायचे. मग काही मिनिटे नुसते पाय सोडून बसायचे. या वेळात चेहरा पाहायचा : ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम आला, बोलता बोलता माणूस गप्प झाला, तर परत आडवे करायचे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्या वेळी चालवायचे नाही.

अर्धांगाच्या रुग्णाची खुर्ची धडधाकट बाजूला ठेवतात, चालवताना मात्र सिस्टर दुबळ्या बाजूला राहते. लुळा हात ओढून कधीच उठवायचे नाही, खांदा निसटतो. रुग्ण पडू लागला तर त्याला तोलून धरायचा हट्ट करू नये, आपल्या मांडीवरून हळूच जमिनीवर उतरवावे. उचलणाऱ्यालाही मर्यादा आहे : अमेरिकेत २००७ मध्ये सुचवलेली हाताने उचलण्याची कमाल मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो आहे. प्रौढाचा एक पायच दहा किलोच्या आसपास भरतो.

हालचालीचाही अतिरेक होतो. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत आणि वारंवार उठवण्याची २,१०४ रुग्णांवरील मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्यांची प्रगती अधिक चांगली निघाली. किती, केव्हा, किती वेळ हे माणसागणिक ठरते.

घरी गेल्यावर हे काम सून, मुलगा किंवा पगारी मावशींकडे येते. खुबा बदललेल्याने मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही. म्हणजे भारतीय बैठकीच्या संडासावर कमोडची खुर्ची आधी आणायची. पडण्याच्या घटना बऱ्याचदा रात्री लघवीला जाताना होतात. भांडे हाताशी, दिवा चालू आणि वाटेतले पायपुसणे उचललेले, एवढ्याने बरेच टळते. रोज अंग पुसताना पाठ आणि टाचा उजेडात पाहाव्यात. तिथे काही दिसले तर त्या कुशीवर पुन्हा झोपवू नये.