उभ्या जंगलाचा हिशेब

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी, आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिनाची व्याख्याने सुरू व्हायच्या सुमारास, श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५१ हा प्रक्षेपक झेपावला. त्यातला मुख्य उपग्रह भारताचा नव्हता. ६३७ किलो वजनाचा ‘ॲमेझोनिया-१’ हा उपग्रह ब्राझीलच्या राष्ट्रीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे ‘इन्पे’ने, तयार केला होता आणि ॲमेझॉनच्या जंगलात कुठे तोड चालू आहे यावर नजर ठेवणे हे त्याचे प्रमुख काम होते. या कामाला भारताचा हात त्याआधीच लागलेला होता, कारण इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमा इन्पेचे तंत्रज्ञ जंगलतोड ओळखण्यासाठी पूर्वीपासून वापरत होते.

जंगल वाचवायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वृक्षारोपणाचा कार्यक्रम येतो: खड्डे, रोपे, प्रमुख पाहुणे आणि छायाचित्र. ब्राझीलने मात्र गेल्या वीस-एकवीस वर्षांत ॲमेझॉनची तोड दोनदा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणली आणि त्यात वृक्षारोपणाचा वाटा नगण्य होता. इन्पेच्या मोजणीनुसार २००४ या वर्षात तिथे २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल भुईसपाट झाले. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे एका वर्षात साडेसात गोवे गेले. २०१२ साली हाच आकडा ४,५७१वर, सव्वा गोव्यावर, आला होता. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या थोड्या काळात जंगलतोड कमी झाल्याची उदाहरणे फारशी नाहीत, म्हणून हे कसे घडले आणि पुढे का बिनसले, हे तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

इन्पेची एक मोजणी ‘प्रोदेस’ या नावाने १९८८ पासून दरवर्षी होते. तिचे वर्ष ऑगस्ट ते जुलै असे धरतात आणि सव्वासहा हेक्टरांहून मोठा, पूर्ण साफ केलेला तुकडाच तीत धरला जातो. जिवंत पाने जवळचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतात, उघडी माती तसे करत नाही. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या या किरणांत टिपलेल्या प्रतिमेत नव्याने साफ झालेला तुकडा चटकन उठून दिसतो. प्रोदेस अचूक आहे, पण ती वर्षअखेरीची ताळेबंद मांडणी आहे. तिचा आकडा हाती येतो तेव्हा झाडे पडून, जळून, त्या जागी गवत उगवलेले असते. म्हणून २००४ मध्ये ‘देतेर’ ही दुसरी यंत्रणा सुरू झाली. तिच्या प्रतिमा ढोबळ होत्या आणि २५ हेक्टरांहून लहान तुकडा तीत दिसत नसे. पण जवळजवळ रोज त्या मिळत, आणि कुठे तोड सुरू झाली याची सूचना ‘इबामा’ या पर्यावरण खात्याच्या तपास संस्थेकडे तोड चालू असतानाच पोहोचू लागली. तोडणाऱ्यांनाही हे लवकरच उमगले आणि त्यांनी २५ हेक्टरांहून लहान तुकडे पाडायला सुरुवात केली. २०१५ मध्ये देतेरची सुधारित आवृत्ती आली ती ही पळवाट बुजवण्यासाठी, आणि तिच्यासाठी वापरलेल्या प्रतिमांत रिसोर्ससॅटवरील कॅमेऱ्याच्या प्रतिमा होत्या.

पण झाडे तोडतो कोण आणि कशासाठी? लाकडासाठी, असे उत्तर बहुतेकांच्या तोंडी येते, आणि ते अर्धेच खरे आहे. लाकडाचा व्यापारी आधी येतो, महागडी झाडे काढतो आणि जाताना रस्ता मागे ठेवून जातो. त्याच रस्त्याने जमीन बळकावणारा आत शिरतो. ॲमेझॉनमध्ये कोणालाही न दिलेली आणि राखीव म्हणूनही न घोषित केलेली सरकारी जंगलजमीन प्रचंड आहे. तिच्यावर हक्क सांगायचा तर ‘मी ही जमीन वापरात आणली’ असे दाखवावे लागते, आणि वापरात आणणे म्हणजे जंगल साफ करणे. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची असते तशी जाड साखळी बांधून ते समांतर चालवले की मधली झाडी आडवी होत जाते. मोठ्या झाडांना यांत्रिक करवत लावतात. कोरड्या महिन्यांत हा ढीग वाळू द्यायचा, मग पेटवायचा आणि पहिल्या पावसाबरोबर राखेत गवताचे बी फेकायचे. त्यावर सोडलेली गुरे हा ताब्याचा चालताबोलता पुरावा असतो. या उद्योगाला पोर्तुगीजमध्ये ‘ग्रिलाजेम’ म्हणतात. ‘ग्रिलो’ म्हणजे रातकिडा. बनावट खरेदीखत रातकिड्यांसह पेटीत बंद करून ठेवले की त्यांच्या विष्ठेने आणि कुरतडण्याने कागद पिवळा, जुनाट दिसू लागतो, अशी या शब्दामागची कथा सांगतात. नव्या जंगलतोडीखालची बहुतांश जमीन शेवटी कुरण होते. दर हेक्टरी त्यावर चरणारी गुरे इतकी थोडी असतात की दूधमांसाच्या हिशेबाने हा धंदा फार किफायतशीर म्हणता येणार नाही; खरा नफा असतो तो जमिनीचा भाव वाढण्यात.

ही गोष्ट ध्यानात आली तेव्हाच उपाय लागू पडू लागले. २००३ मध्ये पर्यावरणमंत्री झालेल्या मारिना सिल्वा या आक्रे राज्यातल्या रबर गोळा करणाऱ्या कुटुंबात वाढल्या होत्या आणि सोळा वर्षांच्या होईपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९८८ मध्ये ज्यांची हत्या झाली ते रबर-कामगारांचे नेते शिको मेंडेस त्यांचे सहकारी. सिल्वा यांच्या कारकिर्दीत २००४ मध्ये जंगलतोड रोखण्याचा जो राष्ट्रीय आराखडा आला, त्यात देतेरची सूचना मिळताच पथके पाठवणे, अतिक्रमणाच्या वाटेवरची विस्तीर्ण जंगले राखीव करणे आणि आदिवासींच्या जमिनींची हद्द कायम करणे ही कामे एकाच वेळी सुरू झाली. माझ्या मते यातला सर्वांत हुशारीचा घाव २००८ चा होता. जंगलविषयक कायदे पाळल्याचे आणि जमिनीची कागदपत्रे व्यवस्थित असल्याचे दाखवल्याशिवाय ॲमेझॉनमध्ये शेतीकर्ज द्यायचे नाही, असा नियम बँकांना घालून दिला गेला. जंगलात पोलीस चुकवता येतो. बँकेतला कारकून कसा चुकवणार?

सर्वाधिक तोड होणाऱ्या ३६ नगरपालिका-क्षेत्रांची यादीही त्याच सुमारास जाहीर झाली. (ब्राझीलची एकेक नगरपालिका आपल्या जिल्ह्याएवढी असू शकते.) यादीत नाव आले की त्या क्षेत्रावर तपास आणि निर्बंध वाढत. पारा राज्यातले परागोमिनास हे एके काळी आरागिरण्यांचे माहेरघर होते आणि या यादीत होते. सुरुवातीला तिथे तपास पथकांना हिंसक विरोध झाला, पण पुढे स्थानिक प्रशासन, शेतकरी आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसल्या, बहुतेक शेतांची नोंदणी झाली आणि २०१० मध्ये यादीतून बाहेर पडणारे ते पहिले क्षेत्र ठरले. ही नोंदणी आपल्या सातबाऱ्यासारखी वाटेल, पण फरक मोठा आहे: तीत मालक स्वतःच आपल्या जमिनीची हद्द नकाशावर आखून देतो. त्यामुळे कोणाच्या शेतात तोड झाली हे उपग्रहाच्या प्रतिमेशी ताडून पाहता येऊ लागले; आणि सरकारी जंगलावर खोटी हद्द आखून हक्क सांगणारेही निघाले.

व्यापाराच्या बाजूने दोन प्रयत्न झाले आणि त्यांचे निकाल अगदी वेगवेगळे लागले. जुलै २००६ मध्ये मोठ्या धान्य कंपन्यांनी नव्याने तोडलेल्या ॲमेझॉनच्या जमिनीवरचे सोयाबीन विकत घ्यायचे नाही असे ठरवले. त्याआधी तिथल्या सोयाबीनच्या विस्तारापैकी सुमारे ३० टक्के थेट जंगल तोडून होत असे. २०१४ पर्यंत हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. सोयाबीन शेतातून थेट मोजक्या खरेदीदारांकडे जाते आणि शेत जागचे हलत नाही, म्हणून हे जमले. (शेजारच्या ‘सेराडो’ या सवाना प्रदेशाला मात्र हा करार लागू नव्हता आणि तिथली तोड चालूच राहिली.) २००९ मध्ये कत्तलखान्यांशी तसेच करार झाले, पण गाय चालते. वासरू एका बेकायदा कुरणावर जन्मते, दुसऱ्यावर वाढते आणि विक्रीच्या थोडे आधी कागदोपत्री स्वच्छ असलेल्या तिसऱ्या कुरणावर येते. कत्तलखाना तपासतो तो फक्त शेवटचा मालक. आता गुरांच्या कानात बिल्ला लावून जन्मापासूनची नोंद ठेवण्याची योजना हाती घेतली आहे, ती याचसाठी.

या यंत्रणा चालवणारा हात सैल पडला की काय होते, तेही आकड्यांत दिसते. २०१९ मध्ये तोड पुन्हा १० हजार चौरस किलोमीटरांच्या वर गेली. त्या वर्षीच्या वाढीच्या आकड्यांवर राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी जाहीर अविश्वास दाखवला, इन्पेचे संचालक रिकार्डो गॅल्व्हाओ यांनी आकड्यांची बाजू घेतली आणि ऑगस्टमध्ये त्यांना पद सोडावे लागले. २०२१ मध्ये तोड १३,०३८वर पोहोचली. उपग्रह तेच होते, सूचनाही येत होत्या. सूचनेनंतर जंगलात जाणारी पथके दुबळी करण्यात आली होती. २०२३ मध्ये सिल्वा पुन्हा पर्यावरणमंत्री झाल्या आणि २०२५ पर्यंत वार्षिक तोड सहा हजारांच्या खाली आली.

त्यात २०२४ ने एक नवी अडचण पुढे आणली. प्रोदेसनुसार त्या वर्षी तोड सुमारे ३० टक्के घटली होती, पण तीव्र दुष्काळात लागलेल्या वणव्यांनी उभे जंगल होरपळले. सगळ्या उष्ण कटिबंधात मिळून त्या वर्षी ६७ लाख हेक्टर आदिम जंगल गेले आणि त्यातले जवळपास निम्मे आगीमुळे. ॲमेझॉन हे मुळात न जळणारे जंगल आहे, कारण ते स्वतःच्या पावसाचा मोठा भाग स्वतः घडवते. झाडे मुळांनी ओढलेले पाणी पानांतून हवेत सोडतात, तीच वाफ वाऱ्याबरोबर पश्चिमेला सरकत पुन्हा पाऊस होऊन पडते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनची समस्थानिके, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, मोजून हे दाखवले. झाडे विरळ झाली की ही साखळी तुटत जाते, कडेचे जंगल सुकते, आणि कुरण पेटवणाऱ्याची आग आत शिरते. म्हणजे तोड थांबवली तरी आधीच्या तोडीचे व्याज भरणे चालूच असते.

हे झाले तोड थांबवण्याचे. पण जंगलात राहणाऱ्यांनी त्यावर जगायचे कसे? तापाजोस नदीकाठच्या राष्ट्रीय वनात तिथल्या रहिवाशांची सहकारी संस्था लाकूडतोडच करते, फक्त निराळ्या पद्धतीने. आपल्या वनखात्याच्या भाषेत ज्याला कूप म्हणतात, तसे क्षेत्राचे वार्षिक भाग पाडलेले असतात. तोडीच्या आधी त्या भागातले प्रत्येक जाड झाड मोजून, जात ओळखून, त्यावर क्रमांकाची पट्टी ठोकतात आणि नकाशावर टिंब देतात. वेली आधीच कापतात, कारण शेंड्याशेंड्यांत गुंतलेल्या वेलींमुळे एक झाड पडताना चार शेजाऱ्यांना घेऊन पडते. तोडणारा करवतीचे पाते आधी खोडात उभे खुपसून पाहतो. भुसा काळसर, मातकट निघाला तर झाड आतून पोकळ आहे, ते पक्ष्याप्राण्यांसाठी सोडून द्यायचे. मग ओढून नेण्याच्या वाटेकडे आणि कोवळ्या झाडांपासून दूर पडेल अशी खाच घालतात. ब्राझीलच्या नियमांनुसार अशा यांत्रिक तोडीत हेक्टरी जास्तीत जास्त ३० घनमीटर लाकूड काढता येते, त्यानंतर तो भाग ३५ वर्षे तोडायचा नाही, आणि प्रत्येक जातीची मोठी झाडे बियाण्यासाठी राखावी लागतात.

यातही सगळे जुळलेले नाही. इपेसारख्या कठीण लाकडाच्या जाती इतक्या सावकाश वाढतात की ३५ वर्षांत त्यांची भर पूर्ण होत नाही, आणि इतर काही ठिकाणी गणनेतच इपेची संख्या फुगवून, चोरीचे लाकूड त्या कागदांवर खपवल्याचे उघड झाले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेम येथील हवामान परिषदेत ब्राझीलने उभ्या उष्णकटिबंधीय जंगलासाठी हेक्टरी वर्षाला सुमारे चार डॉलर, म्हणजे साडेतीनशे रुपये, देऊ पाहणारा निधी पुढे मांडला. त्यातला किमान पाचवा हिस्सा आदिवासी आणि स्थानिक समूहांना मिळायचा आहे. कुरणाच्या वाढत्या भावापुढे ही रक्कम किरकोळ आहे, पण ती मालकाला मिळणारी भरपाई नाही. सरकारला तपास पथके पोसता यावीत एवढी ती नक्कीच आहे.

तापाजोसच्या जंगलात नियमाने ५० सेंटीमीटर व्यासाखालचे झाड तोडता येत नाही. या वर्षीच्या कुपात ४५ सेंटीमीटर भरले म्हणून सोडलेल्या झाडाकडे पुन्हा करवत घेऊन जायची पाळी २०६० नंतर येईल, आणि ती धरणारी माणसे आज तिथल्या शाळेत असतील किंवा जन्मायची असतील.