थेंब मोजून भागेना : स्वादुपिंडाच्या स्रावमापनाची पार्श्वभूमी

1664 साली लायडनमध्ये रेग्निएर द ग्राफने जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत पिसाची पोकळ दांडी बसवली आणि पाझरणारा रस कुपीत धरला. तो रस आम्लधर्मी आहे, असा त्याचा ग्रह झाला. प्रत्यक्षात तो अल्कधर्मी असतो. पण रस बाहेर काढून तपासता येतो, हे त्याने दाखवलं.

पुढची अडीच शतकं मोजमाप म्हणजे थेंब मोजणं. 1902 मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी स्वादुपिंडाला रस सोडायला लावणारं संप्रेरक, सिक्रेटिन, शोधलं, तेही थेंब पाहूनच. गोम अशी की सिक्रेटिनमुळे येतं ते मुख्यतः पाणी आणि बायकार्बोनेट. थेंब भरपूर, अन्न पचवणारी विकरं (एन्झाइम) मात्र बेताचीच. विकरांना चालना देणारं संप्रेरक वेगळं आहे, हे हार्पर आणि रेपर यांनी 1943 मध्ये दाखवलं. ते म्हणजे आज आपण ज्याला कोलेसिस्टोकायनिन म्हणतो तेच, हे आणखी पुढे कळलं.

म्हणजे विकरंच मोजायला हवीत. त्यासाठी स्टार्च पचवणारं अमायलेज सोयीचं: प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन पेशीतून निष्क्रिय रूपात बाहेर पडतं, अमायलेज कामाला तयार असतं, स्टार्च घातला की लगेच कळतं. 1953 मध्ये होकिन दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडाचे काप घेऊन असे प्रयोग केले. 1972 मध्ये ॲमस्टरडॅम आणि जेमिसन यांनी पेशींना बांधून ठेवणारे तंतू तोडणारं विकर, कोलॅजिनेज, वापरून पेशी सुट्या केल्या. इथे बारीक करण्याचा सोस अंगाशी आला, असं मला वाटतं. एकट्या पडलेल्या पेशीला आपलं टोक कुठलं, बूड कुठलं, याचं भान उरत नाही. तिचा प्रतिसाद मंदावतो. 1978 च्या सुमारास पेशींचे छोटे गुच्छच, म्हणजे ॲसिनाय, तसेच ठेवायची रीत आली आणि प्रतिसाद सुधारला.

तेव्हापासूनचा हिशेब असा: ठरावीक वेळात, बहुधा अर्ध्या तासात, एकूण अमायलेजपैकी किती टक्के बाहेर आलं? टक्केवारीमुळे नमुन्यात पेशी कमीजास्त असल्या तरी बिघडत नाही. सोबत एलडीएच हे एरवी पेशीच्या आतच राहणारं विकरही बाहेर आलंय का, ते तपासतात. ते वाढलेलं दिसलं तर पेशी स्रवत नाहीत, फुटताहेत.

या मापनातून एक विचित्र आलेख हाती आला. कोलेसिस्टोकायनिनची मात्रा वाढवत नेली की स्राव आधी चढतो, मग उतरतो. बेडकाच्या त्वचेतल्या सेरुलिनचंही तसंच. त्याचीच अतिमात्रा देऊन लॅम्पेल आणि केर्न यांनी 1977 मध्ये उंदरांत स्वादुपिंडदाह घडवला. त्या आजाराच्या संशोधनात ही पद्धत अजून वापरात आहे.