रेलरोड आणि लिनिअर: सिनेमावेड्या जीएमच्या टेबलावर फरक नेमका कुठे पडतो

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येक प्लेअरने एकेक कॅरेक्टर घेऊन, बोलत बोलत गोष्ट घडवायचा खेळ, आणि त्यातलं जग आणि बाकीची पात्रं चालवतो तो जीएम (गेम मास्टर). भरपूर सिनेमे बघितलेला माणूस पहिल्यांदा जीएम म्हणून बसतो तेव्हा बऱ्याचदा दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर तो सगळी गोष्ट लिहून आणतो, पहिला सीन, मधला ट्विस्ट, क्लायमॅक्स, व्हिलनचं शेवटचं भाषणसुद्धा, आणि प्लेअर जरा बाजूला सरकले की त्यांना ओढून परत त्याच वाटेवर आणतो. नाहीतर त्याने कुठेतरी वाचलेलं असतं की रेलरोडिंग वाईट, मग तो काहीच ठरवून आणत नाही, "तुम्ही काहीही करू शकता" म्हणतो आणि चार-पाच जण टेबलाभोवती बसून आता करायचं काय म्हणत एकमेकांची तोंडं बघत बसतात. दोन्हीकडे मूळ घोळ एकच आहे, लिनिअर अ‍ॅडव्हेंचर आणि रेलरोड हे एकच आहे असं धरून चाललेत.

एक नाहीये. लिनिअर हा अ‍ॅडव्हेंचरचा (खेळायला तयार केलेल्या गोष्टीचा) आकार आहे, म्हणजे आधी हे, मग ते, मग शेवट, आणि तो खेळाच्या आधी कागदावर असतो. रेलरोड ही जीएमची वागणूक आहे आणि ती टेबलावर घडते, प्लेअरने नियमात बसणारी, त्या जगात शक्य असलेली गोष्ट करायची म्हटली आणि जीएमने ती फक्त "माझ्या गोष्टीत बसत नाही" म्हणून हाणून पाडली, त्या क्षणाला. म्हणून नुसती तयारी बघून कोणाला रेलरोडर म्हणता येत नाही, प्लेअर अनपेक्षित काही करतात तेव्हा तो काय करतो ते बघावं लागतं.

साधं उदाहरण घेऊ. कॅरेक्टर्सना एका कैद्याला डोंगरापलीकडच्या किल्ल्यात पोचवायचंय. जीएमने तीन टप्पे तयार केलेत, आधी पूल आणि तिथे दबा धरून बसलेली टोळी, मग जंगल, मग किल्ला. हे पूर्ण लिनिअर आहे आणि यात चूक काही नाही. आता एक प्लेअर म्हणतो पूल नको, नदी खालच्या अंगाने ओलांडू. एक जीएम म्हणतो ठीक आहे, पाण्याला जोर आहे, रोल करा (फासे टाका), आणि मनात नोंद करतो की टोळी पुलावर वाट बघत बसली, तिला उशिरा कळेल आणि ती मागून जंगलात येईल. दुसऱ्याकडे नदीला अचानक पूर येतो, मग होडी फुटकी निघते, मग नावाडी नाही म्हणतो, मग दोर तुटतो, आणि अर्ध्या तासाने सगळे मुकाट पुलावर. तयारी दोघांची सारखीच होती हं.

इथे कोणी म्हणेल, अडथळा आला की लगेच रेलरोड म्हणायचं का? नाही. नदीला पूर असू शकतो. मी दोन गोष्टी बघतो, तो अडथळा प्लेअरला कल्पना सुचायच्या आधीपासून तिथे होता का, आणि डोकं लढवून किंवा चांगला रोल पडून तो पार होऊ शकतो का. दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तो अडथळा नाही, ती भिंत आहे. आणि प्लेअरना भिंत फार पटकन कळते, तोंडावर कोणी बोलत नाही एवढंच, पण त्यानंतर ते कल्पना मांडणं बंद करतात आणि "मग आम्ही कुठे जायचंय ते सांग" म्हणायला लागतात. असं टेबल बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण खेळातला जीव तिथेच गेलेला असतो.

सिनेमाप्रेमी माणूस यात जास्त अडकतो त्याला कारण आहे. सिनेमातलं कॅरेक्टर दिग्दर्शकाला नाही म्हणू शकत नाही. सीन जमला नाही तर रीटेक आहे, एडिटिंग टेबलवर क्रम बदलता येतो, नको तो तुकडा काढून टाकता येतो. बघणाऱ्याची मजा पुढे काय होतं ते बघण्यात असते, खेळणाऱ्याची मजा पुढे काय करायचं ते ठरवण्यात असते, आणि जीएमने पहिली मजा द्यायच्या नादात दुसरी काढून घेतली तर टेबलावर चार प्रेक्षक उरतात. शेमस यंग यांचं 'डीएम ऑफ द रिंग्ज' हे वेबकॉमिक (२००६-०७) अख्खं यावरच आहे. पीटर जॅक्सनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमांच्या फ्रेम्स घेऊन त्याने कल्पना केली की ही गोष्ट कोणी लिहिलेलीच नाही आणि एक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे जीएमच) ती कॅम्पेन (बऱ्याच बैठका चालणारी गोष्ट) म्हणून चालवतोय. गोष्ट तीच, जगभर लोकांनी डोक्यावर घेतलेली, पण डीएमला लांबलचक इतिहास सांगायचाय, प्लेअरना मारामारी आणि खजिना हवाय, आणि तो त्यांना हाकत हाकत पुढे नेतोय. सिनेमा म्हणून ग्रेट असलेली गोष्ट जशीच्या तशी टेबलावर ओतली की काय होतं ते यातून जितकं कळतं तितकं क्वचितच कशातून कळेल, ज्याला सिनेमावरून कॅम्पेन करायचीय त्याने आधी हे वाचावं.

आता सगळ्यात जास्त घोळ घालणारा सीन. हिरो पकडले जातात. सिनेमात हा सीन हमखास चालतो, कोठडी, व्हिलनशी पहिली समोरासमोर गाठ, मग सुटका. म्हणून जीएमला तो हवाच असतो, आणि प्लेअर जगात सगळं करतील पण शरण जाणार नाहीत, मरायची वेळ आली तरी लढत राहतील. मग शिपाई वाढत जातात, दहा मारले की वीस येतात, शेवटी कुठलातरी झोपेचा धूर येतो ज्याला सेव्हिंग थ्रोच (फासे टाकून वाचायची संधी) नाही. हे शुद्ध रेलरोड. पण तोच सीन दुसऱ्या तऱ्हेने करता येतो, सेशनची (एका बैठकीतल्या खेळाची) सुरुवातच कोठडीत करायची. "तुम्ही पकडले गेलात, हातात बेड्या आहेत, पहाटे शिक्षा होणार, कसे पकडले गेलात ते प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगा." इथे प्लेअरचा कुठलाही निर्णय रद्द झाला नाही कारण निर्णय अजून झालेलाच नव्हता, उलट कसे पकडले गेलो ते त्यांनीच ठरवलं. वेस्ट एंड गेम्सचा १९८७ चा स्टार वॉर्स आरपीजी हे फार छान करायचा, त्यांच्या अ‍ॅडव्हेंचर्समधे सुरुवातीला एक छोटी स्क्रिप्ट असायची, प्लेअरनी आपापले संवाद मोठ्याने वाचायचे आणि थेट धावपळीच्या मधोमध उडी, अगदी सिनेमासारखं. पण स्क्रिप्ट संपली की लगाम प्लेअरच्या हातात. मला हीच रेघ सगळ्यात उपयोगी वाटते, प्लेअरने ठरवायच्या आधी तुम्ही सीन कुठेही लावा, ठरवल्यानंतर त्याला हात लावू नका.

व्हिलनचं पळून जाणं हे याचंच भावंड. पहिल्या भेटीत व्हिलन निसटतो आणि शेवटी परत भेटतो ही सिनेमाची सवय, पण प्लेअरकडे बाण असतो आणि नॅचरल वीस (वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस) पडतो. १९८४ पासून टीएसआरने (डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीची तेव्हाची प्रकाशक कंपनी) ड्रॅगनलान्सची मॉड्यूल्स (छापील तयार गोष्टी) काढली, सोबत त्याच गोष्टीच्या कादंबऱ्या, आणि त्या मॉड्यूल्समधे डीएमला सूचना होती की महत्त्वाचं कॅरेक्टर मेलं तर ते असं मरू द्या की प्रेत सापडणार नाही, म्हणजे पुढे गरज लागली की परत आणता येईल. गोष्ट वाचवायला केलेली सोय, हेतू समजतो, आणि त्या मालिकेवर लोकांचं आजही प्रेम आहे, पण बाण मारणाऱ्या प्लेअरच्या बाजूने बघा, त्याने जिंकलेली गोष्ट परत घेतली गेली. गंमत म्हणजे ड्रॅगनलान्सच्या कर्त्यांपैकीच एक असलेल्या ट्रेसी हिकमनने लॉरा हिकमनसोबत आदल्याच वर्षी, १९८३ मधे, रेव्हनलॉफ्ट हे मॉड्यूल लिहिलं, तिथे पत्त्यांवरून भविष्य सांगायचा सीन आहे आणि त्या पत्त्यांवर ठरतं की शस्त्र किल्ल्यात कुठे आहे, व्हिलन कुठे भेटेल आणि या वेळी त्याला हवंय काय. शेवट व्हिलनशीच व्हायचा हे नक्की, पण त्याच्यापर्यंत पोचायचं कसं ते टेबलावर उलगडतं. माझा सल्ला सरळ आहे, ज्याला मरू द्यायचं नाही त्याला बाणाच्या टप्प्यात आणू नका. पत्र पाठवा, हस्तक पाठवा, लांब बुरुजावर दाखवा. आणि तरीही मेला तर मरू द्या, त्याच्या खालच्या माणसाला आता मोकळं रान मिळालंय, त्यातून चांगली गोष्ट निघते.

लिनिअर नीट चाललेलं बघायचं तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सची १९७८ ची जायंट्सवाली (महाकाय राक्षसांची) तीन मॉड्यूल्स बघा. आधी हिल जायंट, मग फ्रॉस्ट, मग फायर, क्रम ठरलेला, एका अड्ड्यावरून पुढच्याचा माग लागतो. पण अड्ड्याच्या आत पूर्ण मोकळीक, मेजवानी चालू असताना चोरून घुसा, आग लावा, कैद्यांना फितवा, काहीही. माळेत मणी ओवलेले असावेत तसं आहे ते, क्रम पक्का पण प्रत्येक मणी आतून मोकळा, आणि घाईच्या आठवड्यात तयारी करणाऱ्या जीएमसाठी माझ्या मते यासारखा आकार नाही.

तपासकथांमधे हीच गोष्ट पुराव्यांवर येऊन अडते. एकच पुरावा ठेवला आणि तो सापडला नाही तर जीएम घाबरून तो हातात कोंबतो. आरपीजीवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरचा तीन पुराव्यांचा नियम यावर पुरेसा आहे, प्लेअरनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं त्यासाठी किमान तीन पुरावे ठेवा. एक चुकेल, एकाचा अर्थ भलताच लावतील, तिसरा लागू पडेल, आणि ढकलायची वेळ येणार नाही.

मग तो प्रसिद्ध वाद, दोन रस्ते आहेत, डावीकडे गेले तरी ओगर (एक राक्षस) आणि उजवीकडे गेले तरी तोच ओगर. याला काही जण सरसकट फसवणूक म्हणतात, काही म्हणतात प्लेअरला कळतच नाही तर बिघडलं काय. मला दोन्ही पटत नाही. दोन रस्त्यांबद्दल प्लेअरना काहीच माहिती नसेल तर ती निवड नव्हतीच, नाणं उडवण्यासारखं झालं, तिथे ओगर कुठे ठेवला याने काही फरक पडत नाही. पण त्यांनी माग काढला, गावात चौकशी केली, डावीकडे ओगर आहे असं कळलं म्हणून मुद्दाम उजवीकडे गेले आणि तरी ओगर पुढ्यात आला, तर तुम्ही त्यांची मेहनत फुकट घालवली, हे रेलरोडच, कोणाला कळो न कळो. म्हणजे सगळं येऊन थांबतं माहितीवर.

आणि माहितीबाबत सिनेमावाल्यांकडे एक फार मोलाची गोष्ट आधीच आहे. हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण बहुतेक सिनेमाप्रेमींना पाठ असतं, बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, पण प्रेक्षकाला आधी कळलं की खाली बॉम्ब आहे तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स. टेबलावर हे सिनेमापेक्षाही जास्त लागू पडतं कारण इथे प्रेक्षक उठून काहीतरी करू शकतो. ट्विस्ट लपवून ठेवणारा जीएम रेलरोडकडे घसरतो, कारण ट्विस्ट फुटू नये म्हणून त्याला प्लेअरना चुकीच्या दारांपासून अडवत बसावं लागतं. पौर्णिमेला व्हिलन शहराचं धरण फोडणार हे पहिल्याच सेशनला सांगून टाकलं तर कॅम्पेन आपोआप एका दिशेला जाते, ढकलावं लागत नाही, आणि धरण वाचवायचं की आधी शहर रिकामं करायचं की व्हिलनशी सौदा करायचा हे टेबलावर तावातावाने ठरतं. दिशा एक, वाटा त्यांच्या.

शेवट आधीच माहीत असला की रेलरोड, हेही खरं नाही. फ्री लीगच्या २०१९ च्या एलियन आरपीजीत सिनेमॅटिक मोड आहे, गोष्ट अंकांमधे वाटलेली, प्रत्येक कॅरेक्टरला गुप्त अजेंडा जो अंकागणिक बदलतो, आणि बरेच जण जिवंत परत येणार नाहीत हे सगळ्यांना खेळायला बसतानाच माहीत असतं. कोणाला अडकल्यासारखं वाटत नाही कारण होकार आधी घेतलाय आणि मरायच्या आधी कोणाला दगा द्यायचा ते प्लेअरच ठरवतोय. जेसन मॉर्निंगस्टारचा फियास्को (२००९) तर जीएमशिवायच चालतो, कोएन बंधूंच्या सिनेमांसारखी सगळ्यांची वाट लागणार हे गृहीत धरून, आणि तरी त्यात रेलरोड करायला कोणी उरतच नाही.

उलट सँडबॉक्स (ठरलेल्या क्रमाशिवाय कुठेही जाता येईल असं जग) म्हणजे आपोआप स्वातंत्र्य असंही नाही. भला मोठा नकाशा, शंभर षटकोन, वाटेल तिकडे जा, पण प्रत्येक राजा एकाच पद्धतीने नाही म्हणतो, प्रत्येक योजना जीएमच्या लाडक्या एनपीसीला (जीएम स्वतः चालवतो त्या पात्राला) आधीच माहीत असते, आणि जिथे जाल तिथे तोच एनपीसी येऊन प्रश्न सोडवून जातो. नकाशा कितीही मोठा असला तरी हा रेलरोडच, आणि तो ओळखायला वेळ लागतो कारण वरून मोकळं दिसतं.

राहिला प्रश्न तयारी संपते तेव्हाचा, म्हणजे प्लेअर कैद्याला किल्ल्यात न नेता त्याच्याशी हातमिळवणी करून बंदराकडे निघाले आणि बंदर तुम्ही बनवलेलंच नाही. इथे जीएम घाबरतो आणि पूर आणतो. आणू नका. सरळ सांगा की बंदराचं माझ्याकडे काही तयार नाही, दहा मिनिटं द्या किंवा आज इथेच थांबू, पुढच्या वेळी बंदर घेऊन येतो. चांगले प्लेअर याला कधीच नाराज होत नाहीत, आणि त्या दहा मिनिटांत त्यांनाच विचारा की बंदरात तुमच्या ओळखीचं कोण आहे आणि त्याचं तुमच्याकडे काय येणं आहे, अर्धी तयारी तेच करून देतील.