उडी बघताना नजर कुठे ठेवायची?

२०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. आयुष्यात कधी जिम्नॅस्टिक्सकडे ढुंकून न बघितलेली माणसंही त्या रात्री टीव्हीसमोर बसली होती, आणि नंतर काही दिवस तिच्या उडीचं ‘प्रोदुनोव्हा’ हे अवघड रशियन नाव नाशिकच्या चहाच्या टपऱ्यांवरही ऐकू येत होता. व्हॉल्टची गंमत अशी की त्याचा निकाल साध्या डोळ्यांना कळतो. धावली, उडाली, उभी राहिली किंवा बसली.

याच खेळाची बाकीची भावंडं मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. ट्रॅम्पोलिन २००० सालच्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये आहे. टम्बलिंग, अ‍ॅक्रोबॅटिक, एरोबिक आणि पार्कूर यांच्या जागतिक स्पर्धा होतात, त्याही एकाच आंतरराष्ट्रीय महासंघाच्या छत्राखाली. प्रेक्षक म्हणाल तर खेळाडूंचे आईबाप आणि पुढच्या गटाची वाट बघत बसलेली पोरं. हे खेळ रटाळ आहेत म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. त्यातलं अवघड काम जिथे होतं, तिथे आपली नजर जात नाही, एवढंच.

ट्रॅम्पोलिनचंच बघा. विणलेल्या पट्ट्यांचं, साधारण सव्वाचार मीटर लांब आणि दोन मीटरच्या थोडं वर रुंद असं जाळं, भोवती शंभरावर स्प्रिंगा. खेळाडू आधी साध्या उड्या मारून उंची गाठतो आणि मग सलग दहा कसरती करतो. मध्ये दम घ्यायला एकही साधी उडी मिळत नाही. कसरतींची अवघडता आणि सफाई यांचे गुण असतातच, पण २०१०च्या सुमारास हवेत घालवलेला वेळही त्यात आला. यंत्र दहाही उड्यांचे हवेतले सेकंद मोजून बेरीज करतं आणि ती बेरीज जशीच्या तशी गुणांत धरली जाते. एक सेकंद म्हणजे एक गुण. परीक्षकाच्या मर्जीचा इथे प्रश्नच येत नाही.

जगातले अव्वल पुरुष खेळाडू दहा उड्यांत १७–१८ सेकंद हवेत असतात, म्हणजे एका उडीला जवळपास १.८ सेकंद. शाळेतलं गणित इथे कामाला येतं. निम्मा वेळ वर जाण्यात आणि निम्मा खाली येण्यात जातो, त्यामुळे उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंगणात जागेवर उडी मारणारा माणूस अर्धा सेकंद हवेत राहिला तर तो सुमारे ३० सेंटिमीटर वर जातो. १.८ सेकंदांना हीच उंची ४ मीटर होते. जाळं स्वतःच जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत-बाहेर उंचावर असतं आणि उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य पायापासून मीटरभर वर. सगळं मिळून खेळाडूची कंबर जमिनीपासून सहा मीटरांच्या वर जाते. आठ मीटरपेक्षा कमी उंचीच्या छताखाली हा खेळ खेळणंच धोक्याचं. आपल्याकडे बहुतेक सभागृहांच्या छताला पंखे लटकलेले असतात. ट्रॅम्पोलिन गावोगाव का पोचलं नाही याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं, आणि ते क्रीडाप्रेमापेक्षा बांधकाम खात्याशी जास्त संबंधित आहे.

नजर साहजिकच वर जाते. पण गुण निसटतात ते खाली. जाळ्यावर मधोमध खूण आणि भोवती चौकटी आखलेल्या असतात, आणि खेळाडू मध्यापासून जितका सरकेल तितके गुण कापले जातात. चार मीटरवरून येताना शरीर जरा कललेलं असलं की पुढच्या उडीत तो हातभर बाजूला जातो, त्याच्या पुढच्या उडीत आणखी. म्हणून दोन-तीन उड्या झाल्या की वर बघणं सोडावं आणि पाय कुठे पडतात ते बघावं. कोण दमलाय, कोण सावरतोय, हे सगळं पायाच्या जागेवरून कळतं.

दुसरी गोष्ट बघायची ती हात. जाळं सोडल्यावर हवेत धरायला काहीच नसतं, मग नुसत्या कोलांटीत मध्येच उभ्या अक्षाभोवतीची गिरकी येते कुठून? कोनीय संवेग, म्हणजे अंगातला फिरण्याचा जोर, हवेत ना वाढवता येतो ना घटवता. खेळाडू एक हात वर आणि दुसरा खाली असा झटकन फिरवतो. त्या झटक्याने शरीर कोलांटीच्या अक्षाला किंचित तिरकं होतं, आणि कोलांटीच्याच संवेगाचा काही भाग गिरकीत वळतो. हात उलटे फिरवले की तिरकेपणा जातो, गिरकी थांबते आणि कोलांटी पुढे चालूच राहते. टीव्हीच्या नेहमीच्या वेगात हे दिसत नाही. मोबाइलवर स्लो मोशन लावून एकदा बघा, म्हणजे समालोचक ‘काय सुंदर!’ यापलीकडे काही का सांगत नाहीत याचा तुम्हालाही राग येईल.

अ‍ॅक्रोबॅटिकमध्ये दोघे, तिघे किंवा चौघे मिळून तोल साधतात. दहीहंडीचे थर बघून मोठे झालेल्या आपल्या लोकांना हा प्रकार तरी कळायला हवा, पण तिथेही आपण वरच्यालाच बघतो. खालच्याच्या तळहातांवर वरची मुलगी उलटी उभी असते तेव्हा तिचं मुख्य काम अंग ताठ ठेवणं हे असतं. तोल सावरतो तो खालचा, मनगटं आणि खांदे बारीक बारीक हलवत. वरच्यानेही स्वतःचा तोल सावरायला सुरुवात केली तर दोघांच्या दुरुस्त्या एकमेकींवर आदळतात आणि मनोरा कोसळतो.

एरोबिक मला स्वतःला फारसं भावत नाही, ते असो. टम्बलिंगमध्ये २५ मीटरच्या उसळत्या पट्ट्यावर सलग आठ कसरती होतात. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो प्रकार होता, नंतर कधी आला नाही. त्याच वर्षी मुद्गल फिरवण्याचंही पदक होतं. आपल्या तालमींतले मुद्गल इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिले, युरोपात नेले आणि तिथून ते ऑलिंपिकपर्यंत गेले. रिदमिक जिम्नॅस्टिक्समधल्या मुली आज हवेत फेकतात त्या हलक्या क्लब्जचं मूळ तिथेच सापडतं.

आणि मल्लखांब. उत्तर पेशवाईत निजामाकडच्या मल्लांना तोंड देण्यासाठी बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसले आणि तिथे वानराच्या रूपात त्यांना या विद्येचा दृष्टांत झाला, अशी आख्यायिका सांगतात. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही मल्लस्तंभाचा उल्लेख आहे, त्यामुळे दादांनी विद्या नव्याने उभी केली असं म्हणणं जास्त बरोबर. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थांमध्ये ती अजून जिवंत आहे. १९६२ साली ग्वाल्हेरला राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेचा भाग म्हणून मल्लखांबाची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि २०१९ साली मुंबईत पहिली जागतिक.

पुरलेल्या खांबाला एरंडेल लावतात, कारण कोरडं लाकूड कातडी सोलून काढतं. पण तेलामुळे घर्षण निम्मं झालं की स्वतःचं वजन तोलायला मांड्यांची पकड दुप्पट आवळावी लागते. एरंडेलच का, तर ते दाट असतं आणि पुसलं तरी लाकडाला धरून राहतं. त्यातल्या रिसिनोलिक आम्लाला एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. २० अंश सेल्सिअसला एरंडेल पाण्याच्या जवळपास हजारपट दाट असतं, आणि १० अंशांना त्याच्याही सुमारे अडीचपट. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत पहाटेच्या सरावाला आलेल्या पोरांना खांब वेगळाच लागतो, तो यामुळे. दसरंग, म्हणजे उलटं होत खांबावर चढायचा प्रकार, घेताना नेहमीच्या अंदाजाने अंग सरकत नाही.

दोरीच्या मल्लखांबावर तर गाठ मारायलाच मनाई आहे. पायाच्या अंगठ्यात पकडलेली दोरी मांडीला, कमरेला वेढे देत जाते आणि मुलगी त्यावर निवांत आडवी होते. वेढ्यांचं घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला दोरीचं मोकळं टोक जेवढ्या जोराने धरलंय त्याच्या साडेसहापट ओढ पेलते, आणि दुसऱ्या वेढ्याला ४३ पट. दोन वेढ्यांनंतर चाळीस किलोच्या मुलीला तोलायला मोकळ्या टोकाशी किलोभराची पकड पुरते. टाळ्या पडतात त्या आडव्या झालेल्या शरीराला. पण दोरी अंगठ्यातून सुटली तर मोकळ्या टोकाची पकड शून्य होते, आणि शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच.